नाकातून वाहणारे पिवळे पाणी म्हणजे कावीळ नव्हे

पावसाळ्यात काविळीचे रुग्ण वाढले की एक संदेश हमखास फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: देवडांगरीचे (काही जण हिला कुकडवेल म्हणतात) एक सुके फळ रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी पाणी गाळून रुग्णाच्या दोन्ही नाकपुड्यांत थेंब सोडा. नाकातून जे पिवळे पाणी वाहते तीच कावीळ. तीन दिवसांत डोळे पांढरे होतात, सायनस आणि अर्धशिशीही जाते. चरकाने सांगितलेला, नैसर्गिक, दुष्परिणाम नसलेला उपाय.

यातले एकच खरे आहे. नाकातून पाणी वाहते, आणि भरपूर वाहते. बाकीचे एकेक करून पाहू.

«पिवळे पाणी म्हणजे बाहेर पडणारी कावीळ.»

डोळे पिवळे दिसतात ते बिलिरुबिनमुळे. जुन्या लाल रक्तपेशी मोडल्या की ते तयार होते. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज साधारण २५० ते ३५० मिलिग्रॅम. यकृत ते पित्तात सोडते आणि पित्त आतड्यात जाते. नाकाशी या वाटेचा काही संबंध नाही. तरीही हिशोब करून पाहू. रुग्णाचे बिलिरुबिन १० आहे, म्हणजे १०० मिली रक्तद्रवात १० मिलिग्रॅम. नाकातून तब्बल १०० मिली पाणी गळले आणि ते सगळे शुद्ध रक्तद्रव होते असे मानले, तरी बाहेर पडले फक्त १० मिलिग्रॅम. तेवढे बिलिरुबिन शरीर पाऊण तासात पुन्हा तयार करते. शिवाय कातडीत आणि इतर ऊतींत मुरलेला साठा आहे तो वेगळाच.

मग ते पाणी असते तरी काय? देवडांगरीच्या फळात कुकुरबिटासिन ही अतिकडू द्रव्ये आणि साबणासारखी फेसाळणारी सॅपोनिन असतात. दोन्ही पेशींना इजा करतात. नाकाच्या आतले अस्तर नाजूक असते. त्यावरचे सूक्ष्म केस शेंबडाचा पातळ थर सतत घशाकडे ढकलत असतात. त्यावर हे पाणी पडले की अस्तर भाजल्यासारखे सुजते, शिंकांची सर येते आणि रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपू लागतो. भाजल्यावर फोडात साचते तसेच हे पाणी. काविळीच्या रुग्णाचा रक्तद्रव मुळातच पिवळा, म्हणून झिरपणारे पाणीही पिवळे दिसते. त्यात फळ भिजवलेल्या पाण्याचा स्वतःचा पिवळट-तपकिरी रंग मिसळतो. थोडक्यात, दिसते ती नाकाला झालेली जखम.

हिच्या कुळातली एक जातबहीण ब्राझीलमध्ये सायनससाठी अशीच नाकात घालतात. तिचा अर्क बेडकाच्या टाळूच्या अस्तरावर तपासला गेला (नाकाच्या अस्तराच्या अभ्यासासाठी ही रूढ पद्धत आहे). केसांची हालचाल मंदावली आणि अस्तराच्या पेशींची हानी दिसली. म्हणजे नाक साफ ठेवणारी यंत्रणाच बिघडते. संदेशातला सायनसचा दावा इथेच संपतो.

डोळ्यांना दिसणाऱ्या पिवळ्या रंगावर विसंबणारा हा एकटाच प्रकार नाही. हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावून चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळे होते आणि कावीळ ‘उतरली’ असे सांगतात. कावीळ नसलेल्या माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळेच होते.

«तीन दिवसांत उतरते.»

आपल्याकडे पावसाळ्यातली बहुतेक कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची असते. निरोगी माणसात ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. घरचे आठ-दहा दिवस वाट पाहून नाकात थेंब घालणाऱ्याकडे जातात, तोवर उतार लागलेलाच असतो. श्रेय फळाला मिळते.

खरा धोका उरलेल्या रुग्णांना आहे, कारण कावीळ हे लक्षण आहे, एकच एक रोग नव्हे. कोकणात भातलावणीच्या दिवसांत ताप, लालबुंद डोळे, पोटऱ्या दुखणे आणि कावीळ एकत्र आली तर लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या जिवाणूसंसर्गाचा) संशय घ्यायचा असतो. त्यावर प्रतिजैविके आहेत आणि ती वेळेत सुरू व्हावी लागतात. क्षयाच्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णाचे डोळे पिवळे झाले तर गोळ्यांचाच यकृतावर परिणाम झालेला असू शकतो. विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेल या लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाची कावीळ रक्तपेशी फुटल्यामुळे असू शकते. पांढुरकी शौच, गडद लघवी आणि अंगभर खाज असेल तर पित्तनलिका खड्याने किंवा गाठीने अडलेली असू शकते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झाला तर शंभरांत वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. या प्रत्येक परिस्थितीत तीन दिवस नाकात थेंब घालत बसणे म्हणजे उपचाराचे तीन दिवस घालवणे. नवजात बाळाच्या नाकात तर हे पाणी कधीही जाता कामा नये; पहिल्या २४ तासांत बाळ पिवळे दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

आणखी एक गोष्ट संदेशात कुठेच नसते. रक्त गोठवणारे घटक यकृतच तयार करते. यकृत सुजले असताना किंवा पित्त अडले असताना रक्त उशिरा गोठते. अशा माणसाच्या नाकाचे अस्तर मुद्दाम सोलवटायचे म्हणजे न थांबणाऱ्या घोळण्याला बोलावणे आहे.

«चरकाने सांगितले आहे.»

हा मुद्दा सर्वांत जास्त फसवतो, कारण वनस्पती खरोखरच चरकसंहितेत आहे. कल्पस्थानाचा दुसरा अध्याय तिच्यावरच आहे: जीमूतक कल्प. कल्पस्थानात एकूण ६०० योग (औषधांच्या कृती) आहेत, त्यांपैकी ३५५ वमनाचे आणि त्यांतले ३९ जीमूतकाचे. हे उलटी करवण्याचे योग आहेत, नाकात थेंब घालण्याचे नाहीत. उपयोगात ज्वर, श्वास (दमा), हिक्का (उचकी) इत्यादींची नावे येतात.

वमनही कोणी उठून घ्यायचे नसते. आधी काही दिवस स्नेहपान (तूप किंवा तेल पिणे), मग अभ्यंग (तेलाने मालिश) आणि स्वेदन (घाम आणणारा शेक), आदल्या दिवशी कफ वाढवणारा आहार, त्या सकाळी दूध किंवा ज्येष्ठमधाचा फांट (गरम पाण्यात भिजवून गाळलेले पाणी) पोटभर, नंतर औषध. वेग (उलटीचे उमाळे) मोजायचे: चार हीन, सहा मध्यम, आठ उत्तम. पुढे पेजेपासून सुरू होणारा तीन, पाच किंवा सात दिवसांचा संसर्जनक्रम, म्हणजे हळूहळू नेहमीच्या जेवणावर येणे. गर्भिणी, बालक, वृद्ध, दुर्बल आणि हृद्रोगी यांना वमन वर्ज्य. इतके सगळे कुंपण ज्या औषधाभोवती चरकाने घातले, त्याचे फळ भिजवून नाकात ओतायचे आणि चरकाचे नाव घ्यायचे, हा चरकावर अन्याय आहे.

शिवाय कामलेची, म्हणजे काविळीची, चिकित्सा चरक चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायात सांगतो. पांडुरोग्याचे (अंग पांढुरके पडलेल्याचे) शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, तीक्ष्ण औषधांनी, पण कामलेच्या रुग्णाचे मृदू, कडू विरेचनाने (जुलाबाने), असा फरक तो स्पष्ट करतो. त्याच अध्यायात तिळाच्या पिठासारखी पांढरी शौच होणारी कामला वेगळी काढून तिची चिकित्सा वेगळी सांगितली आहे. म्हणजे आधी शौचेचा रंग बघा, मग औषध ठरवा. आजचा वैद्यही हेच विचारतो. नंतरच्या काही ग्रंथांत कामलेसाठी नस्याचे (नाकातून औषध देण्याचे) उल्लेख आढळतात, हे मान्य. पण ते नस्य आहे: आधी चेहऱ्याला अभ्यंग व शेक, मोजकी मात्रा, मागाहून गुळण्या, आणि समोर वैद्य.

«नैसर्गिक आहे, दुष्परिणाम नाहीत.»

कुकुरबिटासिन काय करते हे दुधीने दाखवून दिले आहे. कडू निघालेल्या दुधीचा रस प्यायल्याने मृत्यू झाल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. तिचा सल्ला साधा होता: रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या, विषबाधेवर उतारा नाही. २०१८ साली पुण्यात असाच एक मृत्यू झाला. दुधीत कडवटपणा अपवादाने येतो. देवडांगरीचे फळ मुळातच कडू.

‘एक फळ’ हे माप नव्हे. फळ कोवळे की पिकलेले, किती सुकलेले, किती पाण्यात किती वेळ भिजले, यावर कडू द्रव्य कित्येक पटींनी बदलते. त्यात ओळखीचा घोळ. श्रावणात बाजारात येणारी कर्टोली खायची भाजी आहे, तिचे काटे मऊ आणि फूल पिवळे. देवडांगरीचे फूल पांढरे. फळ लहान, लांब ताठ केसाळ काट्यांचे, सुकल्यावर आत जाळी आणि टोकाला झाकणासारखे उघडणारे तोंड. वेलीवरून ‘रानकर्टोली’ म्हणून खुडू नका.

कोणाच्या नाकात हे पाणी आधीच गेले असेल तर जोराने शिंकरू देऊ नका. २५० मिली उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ घालून नाक हलकेच धुवा. रक्त आले तर रुग्णाला बसवून पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटे दाबून धरा, तोंडाने श्वास घ्यायला सांगा. डोके मागे टाकू नका. रक्त थांबले नाही तर लगेच रुग्णालयात. पाणी पोटात गेले आणि उलट्या-जुलाब सुरू झाले तर मुद्दाम आणखी उलटी करवू नका, उरलेले फळ पिशवीत घालून सोबत न्या. कावीळ आहे म्हणून तपासणी तशीही लागणारच: बिलिरुबिन, एसजीपीटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (यकृत व पित्तमार्गाच्या रक्तचाचण्या), रक्त गोठण्याची चाचणी (पीटी-आयएनआर), हिपॅटायटिसच्या चाचण्या आणि गरजेप्रमाणे पोटाची सोनोग्राफी. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून राहू लागला किंवा पोट फुगू लागले, तर अहवालांची वाट न पाहता त्याच क्षणी हलवा.