शिश्किनची अस्वलं आणि पुसलेली सही

पाइनच्या जंगलात मोडून पडलेल्या झाडावर बागडणारी अस्वलाची पिल्लं. रशियन चित्रकार इवान शिश्किनचं १८८९ सालचं हे चित्र सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. त्याच्यासोबत एक किस्सा फिरतो: शिश्किनला जनावरं काढता येत नव्हती, ती कॉन्स्तान्तिन सावित्स्की या मित्राने काढली, शिश्किनने त्याची सही पुसली आणि पैसा एकट्याने खाल्ला. वर शेपूट असं की झाडंसुद्धा तो फोटोवरून उतरवायचा.

यातली अस्वलं सावित्स्कीची, एवढं खरं. (रशियात लोक या चित्राला 'तीन अस्वलं' म्हणतात. आहेत चार. आईला कोणी मोजत नाही!)

जनावरं येत नव्हती? १८६० नंतरच्या परदेशवारीत शिश्किन झ्युरिकला रुडॉल्फ कोलरच्या स्टुडिओत शिकला, आणि कोलरची ख्यातीच प्राण्यांच्या चित्रांसाठी. १८७२ मध्ये शिश्किनने रशियातल्या व्यात्का प्रांतातलं पाइनवन रंगवलं. त्यात एका उंच खोडावर मधमाश्यांचं घर आहे आणि बुंध्याशी दोन अस्वलं आशाळभूतपणे वर बघतायत. सावित्स्कीच्या पिल्लांच्या सतरा वर्षं आधी. माझ्या मते झोंबाझोंबी करणारी पिल्लं काढण्यात मित्राचा हात सरस होता, म्हणून त्याला बोलावलं. यात कमीपणा कसला?

फोटोचं थोडक्यात. फोटो तो वापरायचा, शिष्यांनाही वापरायला सांगायचा. पण तेव्हाचा फोटो काळा-पांढरा. पीटर्सबर्गजवळच्या सेस्त्रोरेत्स्कला १८८६ मध्ये पाइनच्या बुंध्यांवर आणि वाळूवर पडलेलं ऊन त्याने रंगवलं, ते त्यातून कसं उतरणार?

राहिली सही. चित्रावर आधी दोघांच्याही सह्या होत्या. सावित्स्कीची काढली ती मॉस्कोचा उद्योगपती पावेल त्रेत्याकोव्हने, चित्र विकत घेतल्यावर. कल्पनेपासून रंगकामापर्यंत सगळं शिश्किनच्या धाटणीचं आहे, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही. चित्रातल्या जंगलाला जीव आला तो पिल्लांमुळे. पण हा अन्याय शिश्किनच्या माथी मारू नका. पैशाचं म्हणाल, तर चित्र ४,००० रुबलना गेलं आणि त्यात चौथा हिस्सा आपला, असं सावित्स्कीनेच घरच्यांना पत्रात कळवलं होतं.

भांडायचंच असेल तर त्रेत्याकोव्हशी भांडा. चित्र मॉस्कोत त्याच्याच नावाच्या संग्रहालयात आहे, आणि श्रेय अजूनही एकट्या शिश्किनच्या नावावर खपतं.