वॉरंट नाही म्हणून झडती नाही, हा मेसेज अर्धवट आहे

आपल्या आर्वी-देवळीकडच्या ग्रुपवर फिरून राहिलं की नवीन कायद्यात वॉरंटशिवाय पोलिसांना रस्त्यावर झडती घेताच येत नाही, थांबवलं तरी सरळ निघून जा. भाऊ, असं काही नाही, आणि हे वाचून एखादं पोट्टं नाक्यावरून गाडी पळवायला गेलं आणि पडलं तर?

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं ठाणेदाराला दारूसाठी गाडी थांबवून तपासता येते, वॉरंट लागत नाही. वर्दीतल्या पोलिसानं लायसन मागितलं तर दाखवावंच लागते.

पण म्हणून कोणालाही कशीही तपासा, असंही नाही. संशयाला कारण पाहिजे. बाईची झडती बाईच घेईल, तेही मर्यादा सांभाळून, हे घरच्या मायबहिणींना आधी सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, झडती, तपासाचे नियम सांगणारा नवीन कायदा) कलम १०५ मध्ये झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग सांगितलं आहे, मोबाईलवर केलं तरी चालते, त्यात जप्त मालाची यादी आणि साक्षीदारांच्या सह्याही आल्या. अटक केलीच तर कारण सांगावं लागते आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागते.

तो मेसेज पुढं पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हेही टाका.