फ्लॅपजॅक मुलांनीच केले होते: एका प्रतिक्रियेला उत्तर

ओट्सच्या फ्लॅपजॅकच्या, म्हणजे लोणी-गूळ घालून भाजलेल्या ओट्सच्या वड्यांच्या, माझ्या पाककृतीवरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. बडोद्यात राहून सुखडी (कणकेची गूळ-तुपातली वडी) सोडून ओट्स कशाला, इतके लोणी-गूळ घालून त्याला पौष्टिक कसे म्हणायचे, आणि आपण केल्यावर वड्यांचा भुगा झाला, असे आपले आक्षेप आहेत. ते पाककृतीचे आहेत, त्यांच्याकडे मी शेवटी येईनच. पण मध्येच आपण लिहिले आहे, 'सगळे आईने करायचे आणि मुलांनी केले म्हणून सांगायचे, हा निव्वळ देखावा आहे.' हे वाक्य मात्र मला तसेच सोडून देता येणार नाही.

मतभेद सभ्य शब्दांत मांडता येतात. 'मुले यात नेमके काय करतात?' असे आपण विचारले असते, तर मी आनंदाने सांगितले असते. आपण विचारले नाही. माझ्या स्वयंपाकघरात कधी पाऊल न ठेवता निकाल देऊन मोकळ्या झालात. मला खोटे ठरवले याचे दुःख आहेच, पण ज्या दोन मुलांनी दुपारभर खपून ट्रे भरला, त्यांची मेहनत आपण एका ओळीत पुसून टाकलीत, याचे दुःख अधिक आहे.

आता, न विचारताच, मुले काय करतात ते सांगते. ओट्स २५० ग्रॅम लागतात. माझी नऊ वर्षांची मुलगी काट्यावर पातेले ठेवते, आकडा शून्यावर आणते आणि पुड्यातून ओट्स ओतते. आकडा २६३ वर जातो. मग ती चिमटीने ओट्स परत काढू लागते. २५८, २५४, २५१, आणि २५० दिसल्यावरच तिचा हात थांबतो. लोणी १२५ ग्रॅम हवे आणि पाकीट शंभराचे असते, तेव्हा दुसऱ्या पाकिटाचा चौथा भाग कापायचा, हे तिने स्वतः काढले; मी सांगितले नव्हते. सहा वर्षांचा भाचा १०० ग्रॅम मऊ देशी गूळ बोटांनी कुस्करतो आणि एकही खडा राहू देत नाही, कारण राहिलेला खडा भट्टीत वितळून वडीत काळा चिकट डाग पडतो, हे त्याने पाहिलेले आहे. काकवीचे तीन मोठे चमचेही तोच मोजतो. इंग्लंडमध्ये या ठिकाणी गोल्डन सिरप घालतात; काकवीतही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असल्यामुळे गुळातली साखर खडीसारखी जमत नाही आणि वडी चिवट-मऊ राहते.

मोठ्या माणसाची कामे दोनच आहेत. लोणी, गूळ आणि काकवी मंद आचेवर एकजीव करणे, आणि ट्रे ओटीजीत (विजेच्या छोट्या भट्टीत) ठेवून बाहेर काढणे. ही दोन्ही मी करते आणि मूळ लेखात तसे स्पष्ट लिहिलेही आहे. आपण ते वाचले असते तर बरे झाले असते. वितळलेले मिश्रण कोमट झाल्यावरच मी पातेले मुलांकडे देते. त्यानंतर ओट्स घालून ढवळणे आणि बटर पेपर लावलेल्या ट्रेमध्ये वाटीच्या तळाने दाबून बसवणे हे पूर्णपणे त्यांचे काम आहे, आणि वडी साधणे किंवा बिघडणे या दाबण्यावरच ठरते. सुरुवातीला भाचा मध्यभागीच जोर लावायचा आणि कोपरे पोकळ राहायचे. पातळ कोपरे करपले, तेव्हा त्याने बारकाईने पाहिले आणि पुढच्या वेळी आधी चारही कोपरे भरले. मी त्याच्या मागे जाऊन ते सारखे केले असते, तर आपले वाक्य खरे ठरले असते. मी केले नाही.

सुखडीचे आपण सुचवले, आणि ती आमच्या घरी होतेच. पण लहान मुलांच्या हाताला ती कशी द्यायची? तुपात कणीक भाजायची, आच बंद करून गूळ घालायचा आणि तो आळण्याच्या आत भराभर थाळीत थापायचा. सगळे काम गरम आणि सगळे घाईचे. ती करायला घेतली की मूल ओट्याशी उभे राहून नुसते बघते. ओट्स कारखान्यातच वाफवून, दाबून पोहे केलेले असतात, भाजायची जबाबदारी ओटीजीची असते, आणि मधला सगळा वेळ मुलांच्या हाती राहतो. मी ही पाककृती निवडली ती एवढ्याचसाठी.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. उमेदीची बरीच वर्षे मी बालवाडीत शिकवले आहे. भावनगरला १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले, पुढे ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या, आणि माँटेसरींच्या विचारातून आलेली ओतणे, निवडणे, पुसणे ही खरीखुरी कामे त्यांनी आपल्या भागातील मुलांच्या हाती दिली. त्या परंपरेत घडलेल्या शिक्षिकेला मुलाचे काम आणि मुलाच्या नावावर खपवलेले काम यातला फरक कळतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजी मला करंजीची मुरड घालू द्यायची आणि ती वाकडी असली तरी तशीच तळायची. कुणी विचारले, तर ती माझी म्हणूनच सांगायची. त्याला कोणी देखावा म्हटले नाही.

ट्रेचे माप द्यायला हवे होते, हे आपले म्हणणे योग्य आहे आणि ते मी पाककृतीत घातले आहे: आठ इंची चौकोनी ट्रे, १८० अंश, साधारण २५ मिनिटे, कडा सोनेरी आणि मधला भाग अजून मऊ असेपर्यंत. आपल्या वड्यांचा भुगा झाला, त्याचे कारण बहुधा आपण त्या गरम असताना उचलल्या हे असावे. कोमट असताना फक्त सुरीने रेघा पाडायच्या. काढायच्या त्या ट्रेमध्येच पूर्ण गार झाल्यावर, कारण पाक गार होतानाच धरतो. हेही लेखात होते.

लोणी-गुळाविषयी मला वाद घालायचा नाही. सोळा तुकडे होतात, एका वेळी एक खावा. ओट्स परके म्हणाल, तर साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही दक्षिण अमेरिकेतला आहे आणि तो आपण उपवासाला खातो.

पाककृतीविषयी काही अडले, तर जरूर लिहावे, मी उत्तर देईन. मुलांच्या कामाविषयी पुन्हा अशीच भाषा वापरणार असाल, तर मात्र माझ्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नये.