गाडी गडाखाली ठेवा की ओ

दसरा झाला की आमच्या बेळगावात सगळ्यांचं एकच, आंबोलीला जाऊया नाहीतर गोव्याला जाऊया. अरे ऑक्टोबर संपताना आंबोलीत धबधबे आटत आलेले असतात आणि गोव्याला जायचं तर अर्धा दिवस घाटातच जातो. एका दिवसाचंच फिरणं असेल तर आपला राजहंसगड काय वाईट हाय? शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटर, आणि दसरा ते दिवाळी हेच त्याचे खरे दिवस, पावसाळ्यात वर धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही आणि एप्रिलात बुरुजावर पाय ठेववत नाही.

परवा आईला आणि मावशीला घेऊन गेलेलो. मुद्दाम बसनं. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेमुळं दोघींना शून्य रुपयाचं तिकीट, मी एकटाच पैसे देणारा, त्यावरून गडाजवळच्या येळ्ळूर गावापर्यंत माझी चेष्टा चाललेली. पण ह्या रस्त्यानं बसच बरी, खिडकीतून शिवार दिसतं. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिरून जी शेतं बुडतात तीच आता पिवळीधमक, आणि मधनंच तो हलगा-मच्छे बायपास आडवा गेलाय, ज्याच्या विरोधात शेतकरी किती वर्षं भांडालेत ते आपल्याला पेपरातनं माहीत असतं पण बघितल्यावर पोटात कालवतं. ह्याच भागातली बासमती नावाजलेली हो, अजून काही जण लावतात, बाकी बहुतेक इंद्रायणी. सुगी चालू होती, कापलेल्या भाताच्या पेंढ्या ओळीनं पडलेल्या, आणि मावशी बसमधनंच हिशोब करालेली की हे रान मोकळं झालं की ओलीवर मसूर टाकतील की वाटाणा.

आता मुद्द्यावर येतो. गडावर रस्ता वरपर्यंत झालाय आणि तिथंच सगळा घोळ हाय. लोक एसी लावून थेट वर येतात, महाराजांच्या पुतळ्यासमोर फोटो काढतात आणि दहा मिनिटांत खाली. त्या पुतळ्याचं तरी काय, २०२३ च्या मार्चमध्ये इलेक्शनच्या तोंडावर दोन पक्षांनी तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा कार्यक्रम केला! पुतळा भव्य हाय, मान आपोआप वर जाते, त्याबद्दल बोलायचं नाही. पण त्याच्या मागं सिद्धेश्वराचं देऊळ हाय, विहीर हाय, तटावरनं फिरायला जागा हाय, तिकडं कोण जातंय? आम्ही तटावर बसलेलो तेव्हा खाली गाड्यांचे हॉर्न आणि कुणाच्यातरी डिकीतनं मोठ्यानं गाणी.

तटावरनं काय दिसतंय ते ऐका. एका बाजूला अख्खं बेळगाव, दुसऱ्या बाजूला हवा स्वच्छ असली की वैजनाथचा डोंगर, म्हणजे चंदगड तालुका. गवत वाळायला लागलेलं, वारा आला की सगळं एका दिशेला झुकतंय. ह्या दिवसांत त्या गवताची कुसळं जी पायजम्याला आणि मोज्यांना चिकटतात ती काही केल्या निघत नाहीत, आई आणि मावशी बुरुजावर पाय पसरून एकमेकींच्या साडीच्या काठातली कुसळं वेचत बसलेल्या, तेवढ्यात दोन लग्नांची आणि एका वाटणीची पूर्ण चर्चा झाली. मग भाकरी, शेंगाचटणी, दही. असला निवांतपणा वरपर्यंत गाडी नेणाऱ्याला मिळत नाही हो.

आता काही जण म्हणतात वर गार्डन करा, रंगीत लाईट लावा, सेल्फी पॉइंट करा. कशाला? गार्डन शहरात बघायला मिळतंय की. द्यायचंच असेल तर पिण्याचं पाणी द्या, बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट द्या, आणि गाड्या खाली राजहंसगड गावातच थांबवा. पार्किंगचे पैसे पंचायतीला मिळूदेत, चार घरची पोरं चहा-भजी विकूदेत. म्हाताऱ्यांचं काय असं विचाराल, तर त्यांच्यासाठी दोन रिक्षा वर-खाली ठेवा, आमच्या मावशीचे गुडघे गेलेत म्हणून आम्हीपण चढाला रिक्षाच केली, उतरताना मात्र ती बसायला तयार नव्हती. चालतच आली, अर्ध्या वाटेत माझ्या खांद्यावर हात टाकून.

कचऱ्याबद्दल वेगळं लिहायला नको, वेफर्सची पाकिटं तटाच्या फटीत कोंबणारे ही पोस्ट वाचणार नाहीत.

दिवाळीआधीच्या रविवारी परत जायचा विचार हाय, ह्यावेळी येळ्ळूरमधनं चालत, तिथल्या चांगळेश्वरी देवीला नमस्कार करून. कोण येणार असेल तर कमेंटमध्ये सांगा. पाणी आपापलं आणायचं, आणि गाडीची किल्ली घरी ठेवून यायचं.