रात्रीची गोळी बंद करू नका, काकू

गेल्या आठवड्यात आमच्या वॉर्डातल्या काकूंचा फोन आला. वॉर्डातल्या म्हणजे, 2018 साली मी केमो घेत होते तेव्हा पलीकडच्या खुर्चीवर त्या असायच्या. तेव्हापासूनचा लळा. आता त्या 61 वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे, कॅन्सर गेलाय.

"अगं, मी ती रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली," म्हणाल्या.

"डॉक्टरांना विचारलंत?"

"त्यांना काय विचारायचंय? तो मेसेज वाचला नाहीस का तू?"

वाचला होता. माझ्याच फोनवर तीन ग्रुपांवरून आला होता. त्याचा मथितार्थ असा: अमेरिकेने कोलेस्टेरॉलला निर्दोष ठरवलंय. केमो-रेडिएशन संपलं की त्यांचा हृदयाशी संबंध संपतो, ईसीजी चांगला आला म्हणजे झालं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी कॅन्सर उलटून परत येतो आणि स्नायू झिजतात. तेव्हा स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या बाईने लसूण, जवस आणि अर्जुनाची साल घ्यावी, तपासण्यांच्या नादी लागू नये.

मी डॉक्टर नाही. 22 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि डाव्या बाजूच्या कॅन्सरचे सगळे उपचार सोसले, एवढाच माझा अधिकार. पण हा मेसेज वाचून एखादी बाई गोळी बंद करत असेल, तर गप्प बसवत नाही.

पहिलं अमेरिकेचं. 2015 साली तिथल्या सरकारी आहारविषयक सूचनांमधून एक जुनी मर्यादा काढली गेली, हे खरं आहे. दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल खाऊ नये, अशी ती मर्यादा होती. म्हणजे गोष्ट ताटातल्या कोलेस्टेरॉलची, अंड्यातल्या बलकाची. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृत स्वतःच बनवतं, आणि ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा तूप, लोणी, वनस्पती तूप यांतल्या संपृक्त चरबीमुळे ते जास्त चढतं. म्हणून त्याच सूचनांमध्ये संपृक्त चरबीतून दिवसाच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक घ्या, असंही लिहिलेलं आहे. रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं तरी चालेल, असं त्यात कुठेही नाही. मेसेज लिहिणाऱ्याने अर्धं पान वाचलं आणि अर्धं सोडून दिलं.

आता केमो आणि रेडिएशन. इथे मी जरा थांबणार आहे, कारण आपल्यातल्या कितीतरी जणींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. मलाही नव्हतं.

लाल औषध सगळ्यांना आठवत असेल. मोठ्या सिरिंजमध्ये रूह अफ्जासारखं दिसणारं, नर्स शेजारी बसून हळूहळू सोडायची, तोंडात बर्फाचा खडा धरायला सांगायची आणि घरी गेल्यावर दोन दिवस लघवी लाल व्हायची. ते डॉक्सोरुबिसिन. गाठ मारण्यात पटाईत, पण हृदयाच्या स्नायूंना जड. किती जड, हे एकूण किती औषध शरीरात गेलं त्यावर ठरतं. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला एकूण 400 मिलिग्रॅमपर्यंत पोचलेल्यांपैकी सुमारे 5 टक्के लोकांचं हृदय पुढे थकलेलं आढळलं आणि 550 ला हा आकडा 26 टक्क्यांवर गेला. आपल्याला साधारणपणे 60 चे चार डोस मिळतात, म्हणजे 240. म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण त्याच्या जोडीला मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं वय किंवा ट्रास्टुझुमॅब (हर्सेप्टिन) हे कॅन्सरचं दुसरं औषध असेल, तर धोका वाढतो. काकूंना यातलं जवळजवळ सगळंच होतं. वर्षभर ट्रास्टुझुमॅब चाललं होतं. त्या औषधानेही हृदयाची ताकद काही जणींमध्ये उतरते, आणि थांबवल्यावर बहुधा परत येते. ते चालू असताना दर तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात, ती त्यासाठीच.

आणि ईसीजी? ईसीजी हृदयातल्या विजेचा आलेख काढतो. हृदय किती रक्त पुढे ढकलतंय हे त्यात दिसत नाही, ते इकोत दिसतं. डाव्या कुशीवर झोपायचं, थंडगार जेल लावतात आणि व्रणाच्या बाजूलाच तो प्रोब दाबून फिरवतात. माझ्या वेळी टेक्निशियन मुलीने आधी विचारलं, "मॅडम, दुखतं का इथे?" मग जरा खालून, बरगड्यांच्या फटीतून घेतलं. पडद्यावर झडपा उघडमीट करताना दिसल्या आणि शेवटी एक आकडा आला, इजेक्शन फ्रॅक्शन 60, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं 60 टक्के रक्त पुढे ढकलतंय. हा आकडा आधीपेक्षा 10 अंशांनी उतरून 50 च्या खाली गेला तर डॉक्टर सावध होतात. त्या वेळी बाईला दम लागत नसतो, पाय सुजलेले नसतात आणि ईसीजीही अगदी सरळ असू शकतो.

हे लवकर पाहण्याचा उपयोग काय, याचं उत्तर इटलीतल्या मिलानच्या एका अभ्यासातून मिळालं. 2015 साली तो प्रसिद्ध झाला. लाल औषधाच्या गटातली औषधं घेतलेल्या 2,625 रुग्णांचे इको तिथे ठराविक काळाने केले जात होते, आणि त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांना स्तनाचा कॅन्सर होता. सुमारे 9 टक्क्यांच्या हृदयाला त्रास झाला आणि त्यातले 98 टक्के केमोनंतरच्या पहिल्याच वर्षात सापडले. लगेच हृदयाची औषधं सुरू केल्यावर दहातल्या आठांची ताकद पूर्ण किंवा काही प्रमाणात परत आली. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञ संघटनेने 2022 साली कॅन्सर रुग्णांच्या हृदयासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. जास्त धोका असलेल्यांचा इको उपचारानंतरच्या पहिल्या वर्षात करावा आणि पुढे दरवर्षी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासावं, असं त्या सांगतात.

रेडिएशनची गोष्ट वेगळी, तिचा हिशेब लांबचा. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या 2,168 स्त्रियांचा अभ्यास 2013 साली आला. हृदयावर सरासरी पडलेल्या किरणांच्या दर एका ग्रेमागे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) हृदयविकाराच्या मोठ्या झटक्याचा धोका 7.4 टक्क्यांनी वाढत होता. ही वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू झाली आणि विसाव्या वर्षानंतरही चालू राहिली. त्या बायकांचे उपचार 1958 ते 2001 मधले. आज डाव्या बाजूला श्वास भरून रोखायला लावतात, म्हणजे छातीच्या भिंतीपासून हृदय जरा दूर सरकतं आणि डोस बराच उतरतो. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. ही 7.4 टक्के वाढ प्रत्येकीच्या स्वतःच्या मूळ धोक्यावर होते. जिचा मूळ धोकाच कमी, तिच्यात फार थोडी भर पडते. जिला मधुमेह आहे आणि एलडीएल चढलेलं आहे, तिला तेवढ्याच किरणांचा जास्त फटका. झालेलं रेडिएशन आपण परत घेऊ शकत नाही. कोलेस्टेरॉल उतरवणं मात्र आपल्या हातात आहे, आणि ती रात्रीची गोळी त्यासाठीच असते.

कॅन्सरनंतर आपलं कोलेस्टेरॉल चढायला वेगळी कारणंही असतात. केमोने पाळी अकाली जाते आणि तिच्याबरोबर इस्ट्रोजेनचं संरक्षण जातं. कॅन्सर परतू नये म्हणून दिलेली टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असेपर्यंत एलडीएल थोडं उतरलेलं असतं. तिथून त्याच कामाच्या लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल या गोळ्यांवर गेलं की ती मदत थांबते. माझं एलडीएल टॅमॉक्सिफेनवर 118 होतं, लेट्रोझोल सुरू झाल्यावर वर्षाने 156. मी उगाच घरच्या तुपाला दोष देत बसले होते.

गोळ्यांनी कॅन्सर उलटतो, हे वाक्य त्या मेसेजमधलं सगळ्यात निर्दय वाक्य आहे. आपल्या सगळ्यात मोठ्या भीतीवरच ते बोट ठेवतं. स्टॅटिनच्या, म्हणजे याच कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या, 27 मोठ्या चाचण्यांतल्या सुमारे पावणेदोन लाख लोकांची माहिती एकत्र करून 2012 साली हाच प्रश्न तपासला गेला. साधारण पाच वर्षांच्या काळात कुठल्याही अवयवाचा कॅन्सर वाढला नाही आणि कॅन्सरने होणारे मृत्यूही वाढले नाहीत. उलट एलडीएल 39 मिलिग्रॅमने उतरलं की झटके आणि पक्षाघात पाचांत एकाने कमी होतात, हे त्याच चाचण्यांतून कळलं.

स्नायूंचं म्हणाल, तर तक्रार खरी असते, पण गोळी बहुतेक वेळा निर्दोष असते. 2022 साली 19 चाचण्यांचा हिशेब झाला. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी 27.1 टक्के लोकांनी स्नायू दुखत असल्याचं सांगितलं आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 26.6 टक्क्यांनी. आपल्या बाबतीत आणखी एक गफलत होते. लेट्रोझोलच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांचे सांधे दुखतात. सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, जिना उतरताना गुडघे कुरकुरतात. दोन्ही गोळ्या एकाच डबीत असतात, आणि दोष जातो मेसेजमध्ये बदनाम झालेल्या गोळीवर. स्नायू अतोनात दुखून लघवी गडद झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ते क्वचित होतं, पण होतं. साखरही काही जणांची किंचित वाढते, म्हणून ती तपासत राहायची.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्टॅटिन प्रत्येकीला लागत नाही. आणि केमोच्या माऱ्यापासून हृदय वाचवण्यासाठी ती सरसकट द्यावी का, यावर अजून एकमत नाही. लिम्फोमाच्या (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या) रुग्णांच्या एका चाचणीत फायदा दिसला, पण स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा भरणा असलेल्या दुसऱ्या चाचणीत दिसला नाही. पण काकूंना गोळी त्यासाठी दिलेलीच नव्हती. 40 ते 75 वयाच्या मधुमेहींना एरवीही स्टॅटिन सुचवतात. जास्त धोका असलेल्यांचं एलडीएल 70 च्या खाली असावं, असं आपल्याकडच्या हृदयरोगतज्ज्ञ संघटनेने 2024 साली सांगितलंय.

लसूण, जवस खुशाल खा. जवसाच्या चटणीने पोट साफ राहतं आणि तंतूंनी एलडीएल थोडंफार उतरतं. पण 156 चं 70 चटणीने होत नाही. अर्जुनाची साल किंवा कुठलाही काढा घेत असाल तर डॉक्टरांना नावानिशी सांगा. काही औषधं एकमेकांत अडकतात. रायबोसिक्लिब ही कॅन्सरची गोळी चालू असलेल्या बाईला सिमव्हास्टॅटिन हे स्टॅटिन देत नाहीत, ते याच कारणाने.

तपासण्यांच्या नादी लागू नका म्हणणाऱ्यांना मी माझी फाइल दाखवेन. निळी, प्लॅस्टिकची, तीन इंच जाड. दरवर्षीचा मॅमोग्राम, सोनोग्राफी, हाडांची घनता, सगळं तारखेनिशी लावलेलं. पहिल्या चार वर्षांत त्यात कोलेस्टेरॉलचा एकही कागद नव्हता. रक्तदाबही क्वचितच घेतला जायचा. ऑपरेशनच्या बाजूच्या, म्हणजे डाव्या हाताला पट्टा लावायचा नाही एवढं सगळ्यांच्या लक्षात असायचं, उजवा हात मोकळा आहे हे कुणाच्या लक्षात यायचं नाही. कुणी मुद्दाम केलं नाही. कॅन्सरवाल्यांना वाटलं फिजिशियन बघत असतील, फिजिशियनला वाटलं कॅन्सरवाले बघत असतील. अमेरिकेत 66 वर्षं आणि त्यापुढच्या वयात स्तनाचा कॅन्सर झालेल्या 63 हजारांवर स्त्रियांचा मागोवा घेतला, तेव्हा 15.9 टक्के हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने गेल्या आणि 15.1 टक्के त्या कॅन्सरने. आपल्याकडे कॅन्सर कमी वयात होतो आणि उशिरा सापडतो, म्हणून हे आकडे इथे जसेच्या तसे लावू नका. पण जी कॅन्सरमधून तरली, तिच्या पुढच्या वीस वर्षांत तिचं हृदय कुणीतरी पाहायला हवं ना?

हे सगळं मी काकूंना एका दमात सांगितलं नाही. फोनवर फक्त विचारलं, "काकू, तुमचं डिस्चार्ज कार्ड कुठंय?" कपाटातून काढायला दहा मिनिटं लागली. मग त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं, डॉक्सो, साठ, चार सायकल. "म्हणजे 240," मी म्हणाले, "फाइलच्या पहिल्या पानावर पेनाने मोठं लिहा. ट्रास्टुझुमॅबच्या तारखा त्याखाली. शेवटचा इको कधीचा?"

"हर्सेप्टिन संपलं तेव्हाचा. 2019."

मंगळवारी त्यांना फिजिशियनची वेळ मिळाली. मी बरोबर गेले. गोळी पुन्हा सुरू झाली, इको पुढच्या सोमवारी आहे. बाहेर पडताना नर्सने रक्तदाबाचा पट्टा काढला तेव्हा काकूंनी स्वतःहून उजवा हात पुढे केला.