"कसा वाटला व्हिडिओ?" हे विचारणं आम्ही बंद केलं

गेले तीन आठवडे आमच्या ग्रुपमध्ये याच एका गोष्टीवरून वाद चाललाय, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू. पोस्ट लांबणार आहे. पण पुढच्या वर्षी ज्यांना हाच प्रोजेक्ट करायचाय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा, प्लीज.

आम्ही पाच जण मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहोत आणि प्रोजेक्ट म्हणून म्युझिक व्हिडिओ करतोय. गाणं आमच्यातल्याच एकाचं, शब्दही त्याचे नि चालही त्याचीच. कोकणातल्या हर्णै बंदरावर मासे विकणारी एक आई आणि नोकरीसाठी मुंबईला निघालेली तिची पोरगी, एवढीच गोष्ट, पावणेचार मिनिटांची. शूटिंग दोन टप्प्यांत झालं, थोडं जुलैत पावसात आणि बाकीचं दिवाळीच्या आधी, सगळं मोबाईलवर, गिम्बल (शॉट हलू नये म्हणून मोबाईल लावायचा दांडा) मित्राच्या दादाकडून मागून आणलेला, आणि एडिटिंग दाविंची रिझॉल्व्हच्या फुकटच्या व्हर्जनवर.

आता प्रोजेक्टच्या फाईलमध्ये प्रेक्षकांच्या प्रतिसादाचं एक प्रकरण लागतं. ते सगळे कसं करतात तर व्हिडिओ फायनल करायचा, गुगल फॉर्म बनवायचा, लिंक व्हॉट्सॲपवर टाकायची, दोन दिवसांत मित्रमैत्रिणी स्टार देतात, त्याचा गोल रंगीत चार्ट काढायचा, फाईलला लावायचा, झालं. आम्हीपण पहिल्या कटला तेच केलं. चाळीसच्या वर लोकांनी फॉर्म भरला. एक नंबर, कडक, अंगावर काटा आला, भावा जिंकलास. सगळ्यांचं प्रेम आहे आमच्यावर, ते मला कळतं आणि त्याची किंमतही आहे, पण त्या चाळीस जणांच्या उत्तरांवरून आम्हाला व्हिडिओतली एक फ्रेमसुद्धा बदलता आली नाही. मग तो फीडबॅक कसला?

खरा फीडबॅक मिळाला आमच्या ओट्यावर. आमच्याकडे गेली कित्येक वर्षं हर्णैहून एक मावशी मासे घेऊन येतात. त्या दिवशी आईने बांगडे घेतले, पैसे आणायला आत गेली, आणि मी सहज मोबाईल मावशींच्या हातात दिला. म्हटलं मावशी, बघा की जरा, तुमच्या बंदरावरचंच आहे. पाटी बाजूला ठेवून, पदराला हात पुसून त्या बघायला लागल्या. पहिला अर्धा मिनिट एकदम गप्प. मग म्हणाल्या, "होड्या शाकारलेल्या दिसतायत, आणि पाटीत ताजा बांगडा? बंदीत बांगडा कुठनं आणलात गो बाय?"

मी बघतच राहिले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आम्हालाही होतं की. पण झावळ्या नि ताडपत्री घातलेल्या होड्यांचा शॉट जुलैतला, बंदरावरच्या माशांच्या लिलावाचा शॉट ऑक्टोबरातला, दोन्ही दिसायला सुंदर, म्हणून एडिटिंगला एकामागे एक लावून टाकले आणि त्यात काही चुकतंय असं पाचातल्या एकालाही वाटलं नाही! पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला हे कदाचित दिसणारही नाही, पण ज्यांच्या आयुष्यावर गाणं केलंय त्यांना पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसतं, आणि एकदा तिथे विश्वास उडाला की पुढचं सगळं खोटंच वाटणार.

पुढे गेल्या तर आमची हिरॉईन पाटी डोक्यावर घेऊन पुळणीवरून चालत येते तो शॉट लागला. मावशींनी पुन्हा लावायला सांगितला, परत बघितला, आणि म्हणाल्या पाटी रिकामी आहे. वरून मासे दिसत होते हो, खाली थर्माकोल घालून वर थर रचला होता आम्ही. मी विचारलं कशावरून? तर त्यांनी स्वतःची पाटी उचलून दाखवली. आधी चुंबळ, म्हणजे पाटीखाली घ्यायची कापडाची गुंडाळी, डोक्यावर नीट बसवली, गुडघ्यातून वाकल्या, आईने हात लावला, आणि उभं राहताना मान जी ताठ झाली ती तशीच राहिली, मग इकडे बघायचं झालं तरी मान वळत नाही, अख्खं अंग वळतं. आमची हिरॉईन पाटी डोक्यावर असताना मान वळवून मागे बघून हसत होती, तिच्या डोक्यावर चुंबळसुद्धा नव्हती. दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाटीत ओल्या वाळूच्या पिशव्या भरून तो शॉट परत घेतला. तिला चार टेक झेपले नाहीत, दोनच झाले, पण त्यातला दुसरा आख्ख्या व्हिडिओतला सगळ्यात चांगला शॉट आहे असं माझं ठाम मत आहे.

तेव्हापासून आम्ही पद्धतच बदलली. लिंक पाठवायची नाही. शेजारी बसून दाखवायचं, स्क्रीनकडे न बघता बघणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, आणि संपल्यावर कसं वाटलं हे विचारायचंच नाही, काय काय झालं ते सांगा असं म्हणायचं. गोष्ट सांगताना माणूस जिथे अडखळतो तिथे आपलं काहीतरी चुकलेलं असतं. तिघांनी सलग पोरीच्या मैत्रिणीला तिची बहीण म्हटलं म्हणजे चूक त्या तिघांची नाही.

एका सातवीतल्या मुलाने सांगितलं की दादा लांबून गातो तेव्हा ते खरं वाटत नाही. नेमकं काय ते त्याला सांगता येईना. आम्ही फ्रेम बाय फ्रेम बघितलं तर ओठ आधी हलत होते, आवाज मागून येत होता. कारण शोधायला अख्खी संध्याकाळ गेली. गाणं वाजवणारा स्पीकर गायकाच्या पायाशी होता आणि मोबाईल चाळीसेक पावलांवर, म्हणजे तीसेक मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, मग तेवढं अंतर कापायला त्याला जवळपास ०.०९ सेकंद लागले, आणि आम्ही मोबाईलमध्ये रेकॉर्ड झालेल्या त्याच आवाजावरून गाणं जुळवलं होतं. २५ फ्रेमच्या व्हिडिओत हा फरक दोन फ्रेमचा. दोन फ्रेम सरकवल्या आणि शॉट बसला. फॉर्मवर पाच स्टार देणाऱ्या चाळीस जणांत हे कोणी लिहिलं नव्हतं.

शब्द कळत नाहीत ही तक्रार मात्र बऱ्याच जणांची आली. मिक्सिंग हेडफोनवर केलं होतं, लोक बघणार मोबाईलच्या बारक्या स्पीकरवर, त्यावर खालचा बेस जवळजवळ गायब आणि ढोलकीची थाप नेमकी आवाजावर बसते. आता प्रत्येक मिक्स आधी मोबाईलवर ऐकतो, पंखा चालू ठेवून.

वाद कशावरून चाललाय ते आता सांगते. ग्रुपमधल्या दोघांचं म्हणणं की लोक सांगतील ते सगळं करायचं नसतं. हे मला मान्यच आहे. चार जणांनी हर्णैच्या समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचा ड्रोन शॉट टाका म्हणून सांगितलं, चौघांनी एकाच जागी, दुसऱ्या कडव्यात. आम्ही ते कडवं तपासलं, तिथे समुद्राचा एकच शॉट बावीस सेकंद चालत होता. लोक कंटाळले होते आणि कंटाळा आल्यावर जे सुचलं ते बोलले. आम्ही ड्रोन आणला नाही, शॉट नऊ सेकंदांवर आणला, नंतर किल्ल्याचं नाव कोणी काढलं नाही. म्हणजे कुठे खटकतं हे लोकांचं ऐकायचं, उपाय आपण शोधायचा. पण त्यासाठी एडिटिंग अजून चालू पाहिजे, शूटिंगला दोन दिवस हातात पाहिजेत. सबमिशनच्या आदल्या दिवशी फॉर्म फिरवून काय होणार? आम्हाला सांगितलं गेलं की चार्ट नसेल तर मार्क कमी होतील. चार्ट लावू आम्ही. पण त्याच्या आधी मावशींची ती पाटी सविस्तर लिहिणार आहोत, कोणाला किती पानं वाटोत.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. शेवटी पोरगी एसटीत बसते आणि आई स्टँडवर उभी राहून हात हलवते, गाण्याची शेवटची ओळही तीच आहे. मावशींना दुसरा कट दाखवला तेव्हा इथे त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "लिलावाच्या टायमाला स्टँडवर कोण जातंय? माझी गेली तवा मी बंदरावरच होते. रात्रीच तळून डबा भरून ठेवला होता."

हे ऐकून आमचा गाणंवाला काहीच बोलला नाही. सगळा व्हिडिओ त्याने त्या हात हलवण्यासाठी लिहिला होता. काल रात्री अकराला त्याचा मेसेज आला, शेवटची ओळ बदलतोय, शनिवारी दुपारच्या एसटीच्या वेळेला स्टँडवर या, आणि स्टीलचा डबा कोणाकडे आहे, नवा नको.

माझ्याकडे आहे, आजीचा, झाकणाला पोचा आलेला. तो घेऊन जाणार आहे.