ढगातले जिवाणू: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

(कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवता असं लिहिलंत, म्हणून सर.) मागच्या लेखात मी लिहिलं होतं की ढगातले काही जिवाणू थंड थेंबांना बर्फ धरायला लावतात आणि त्यातून पाऊस पडतो. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला सांगू! तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पावसाला बाष्प आणि धूळ पुरते, त्यात जिवाणू घुसडणं म्हणजे निव्वळ हौस, शेतकऱ्याला याचा उपयोग शून्य, आणि एवढंच असेल तर कृत्रिम पावसासाठी ढगांत सिल्व्हर आयोडाइडऐवजी जिवाणूच का फवारत नाहीत?

आधी माझी चूक. ‘सह्याद्रीतला पाऊस जिवाणू पाडतात’ असं मी ठोकून दिलं होतं. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी साधारण पाच किलोमीटरवर असते आणि घाटावरचे बरेच ढग तिथवर पोचतच नाहीत. थेंबाला थेंब भिडून पाऊस पडतो, बर्फ लागतच नाही. ते वाक्य काढून टाकलंय.

पण धूळ पुरते, हेही अर्धंच खरं. शुद्ध पाण्याचा बारीक थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत न गोठता राहू शकतो. धुळीच्या बहुतेक कणांना उणे १५च्या खालची थंडी लागते. पानांवर राहणारा स्युडोमोनास सिरिंजी मात्र उणे २ लाच बर्फ धरवतो. त्याच्या अंगावरच्या प्रथिनावर पाण्याचे रेणू बर्फासारखे रांगेत बसतात. परदेशात स्कीच्या उतारांवर कृत्रिम बर्फासाठी हाच जिवाणू मारून वापरतात. तेव्हा गुण खरा. अडतं ते संख्येवर. धुळीपुढे ते फार विरळ, म्हणून साऱ्या जगाच्या पावसात त्यांचा वाटा लहानच.

शेतकऱ्याचं म्हणाल तर ते मला अजिबात पटलं नाही. हवेतून जिवाणूंसारखे पिकांचे रोगही फिरतात. तांबेरा लागलेल्या गव्हातून लहानपणी मामाबरोबर चाललोय. बांधावर येईपर्यंत पायजमा गुडघ्यापर्यंत विटकरी. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू, एकेक कण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षा फार मोठा नाही. उन्हाळ्यात मैदानी भागात गहूही नसतो आणि ती उष्णता बीजाणूंना सोसतही नाही. मग दर हिवाळ्यात रोग येतो कुठून? आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहतांनी वर्षानुवर्षं याचा माग काढला, तेव्हा उत्तर मिळालं: डोंगरांतून. काळा तांबेरा निलगिरीसारख्या थंड डोंगरांवर वर्षभर तग धरतो. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे वारे बीजाणू उत्तरेकडे आणतात आणि पाऊस ते शेतात उतरवतो.

गंमत बघा, आपल्या महाबळेश्वरला गहू तांबेरा संशोधन केंद्र आहे आणि २०१२पासून आयआयटीएमची (पुण्याची हवामानशास्त्र संस्था) ढगांची प्रयोगशाळाही. एकाच डोंगरावर दोघं हवा तपासतायत.

राहिला फवारणीचा प्रश्न. सिरिंजी जिवंत सोडला तर तो पिकावरही उतरतो आणि कडाक्याच्या थंडीत पानांवरचं पाणी लवकर गोठवून पेशी फाडतो. म्हणून तर १९८७मध्ये कॅलिफोर्नियात उलटा प्रयोग झाला: बर्फाचं जनुक काढलेले जिवाणू स्ट्रॉबेरी आणि बटाट्यावर फवारले. तुमची सूचना मनावर घेऊन कुणी निफाडवर असा ढग पेरला आणि त्याच आठवड्यात पारा घसरला, तर द्राक्षवाले आधी तुमचा पत्ता विचारतील, मग माझा.